निंबानं गिळलेलं कडं

मी एक जुनं लोखंडी कडं आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर निम्मं कडं आहे. उरलेलं निम्मं सौंसरच्या शाळेमागच्या कडुनिंबाच्या खोडात आहे. तुम्ही मैदानावर खेळायला येता, तेव्हा खोडातून बाहेर आलेला एक गंजका अर्धगोल दिसतो आणि तुम्ही त्याला दप्तरं अडकवता. तो मी. मला तोंड आहे, वरूनही उघडं आणि खालूनही, पण आवाज नाही. त्यामुळे जन्मभर मी एकच काम मन लावून केलं. माणसं पाहिली. कोण कोणाबद्दल काय बोललं आणि त्या बोलण्यात त्याचा स्वतःचा लाभ किती, हे मनातल्या मनात मांडत आलो.

माझा जन्म मात्र फिरण्यासाठी झाला होता. रामाकोन्याच्या जयवंता पाटलांच्या बैलगाडीच्या चाकाला मी धाव होतो, म्हणजे लाकडी चाकावर बाहेरून चढवतात ती लोखंडी पट्टी. कापूस भरून सौंसरला जायचं, संत्री भरून स्टेशनावर जायचं. वाटेतले दगडसुद्धा ओळखीचे झाले होते. देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात नाल्याच्या उतरणीवर चाक मोडलं. लाकूड चुलीत गेलं आणि मी भिवाजी लोहाराच्या दारात येऊन पडलो.

त्याच सुमारास दत्तात्रय मास्तर नागपूरहून शिकून इथल्या शाळेत आले. येताना एक कातडी चेंडू आणि बास्केटबॉल नावाचा खेळ घेऊन आले. भिवाजीला त्यांनी दोन्ही हात गोल करून दाखवले आणि एवढं कडं पाहिजे म्हणाले.

"घागर ठेवाले का, मास्तर?" भिवाजीनं विचारलं.

"नाही, चेंडू टाकायला."

"अन् याले तळ?"

"तळ नाही. चेंडू खाली पडायला पाहिजे."

"मंग टाकाचा कायले?" असं म्हणून भिवाजीनं मला भट्टीत घातलं खरं, पण मास्तरांकडे तो बराच वेळ काळजीनं पाहत राहिला.

आता मला टांगायचं कुठे? मैदानाच्या कडेला झाड एकच, हा निंब. त्याच्या मागच्या अंगाला पार आणि बाजूला बुंध्याशी शेंदूर लावलेला मातामायचा, म्हणजे गावदेवीचा, दगड. पारावर भैय्याजी बसत. त्यांचं कापडाचं दुकान समोरच होतं. गिऱ्हाईक दिसलं की ते उठत, एरवी पारावरून गाव चालवत.

"मास्तर," ते म्हणाले, "मायच्या झाडाले खिळा नाही ठोकाचा."

"मग कसं लावू?"

"बांधा ना. बांधाले कोण नाही म्हणते?"

तेव्हा भिवाजीनं खोडाभोवती बसेल असा लोखंडी पट्टा केला, त्याला मला जोडलं आणि बोल्ट पिळून पट्टा घट्ट आवळला. मागे संत्र्याच्या पेट्यांची फळी लागली. मायला खिळा लागला नाही, मास्तरांना कडं मिळालं, भैय्याजींचा शब्द राहिला. सगळ्यांचं जमलं. झाडाला तेवढं कोणी विचारलं नाही, आणि झाड तर वाढत असतं. रोज रामाकोना ते सौंसर करणाऱ्या मला आता टाचभरही सरकता येईना. दर वर्षी पट्टा थोडा आत रुते, आणि दर वर्षी मला वाटे, चाक मोडलं त्या दिवशीच आपलं काय ते संपलं.

मग गुणवंता आला.

गावाच्या कडेला त्याच्या बापाचा संत्र्याचा बगीचा होता. आई भागीरता दिवसभर त्याच बगीच्यात राबायची. पोरगा दहावीच्या वर्गात आला तेव्हाच त्याचे कान मास्तरांच्या टोपीच्या वर होते. त्या वेळी पोरं कशी गडी वाटून घेत, ठाऊक आहे ना? दोघं म्होरके उभे राहत आणि पाळीपाळीनं एकेक नाव मागून घेत. ज्याची पहिली पाळी येई, तो डोळे मिटून "गुणवंता" म्हणे. बाकीची पोरं माझ्याकडे चेंडू भिरकावत. गुणवंता वर येई आणि ताटात भाकर वाढावी तसा चेंडू माझ्यात ठेवून जाई. मित्रांनो, ते काही क्षण मला वाटे की मी पुन्हा फिरतो आहे.

पण वर गेलेलं माणूस खाली येतं. माझ्या अगदी खाली निंबाचं एक मूळ होतं, मुरुमाखाली झाकलेलं, करंगळीभर वर आलेलं. उंच उडी फक्त गुणवंताची, त्यामुळे त्या मुळावर पाय पडायचा तोही फक्त त्याचा. पहिल्यांदा त्याचा घोटा मुरगळला तेव्हा मास्तरांनी हळद-चुना लावला. दुसऱ्यांदा मुरगळला तेव्हा पारावर चर्चा सुरू झाली.

"पोट्ट्याचं हाडच कच्चं हाय," भैय्याजी म्हणाले. "माणूस असा भसकन वाढला का हाडात भुसा राह्यते. कापसाची पऱ्हाटी पाहा ना. लय उंच झाली का तिले बोंडं लागत नाही."

"पऱ्हाटी उड्या मारते का, भैय्याजी?" हे नत्थूजी. मोटार अड्ड्यावर नागपूर आणि छिंदवाड्याच्या बसची तिकिटं फाडत आणि उरलेल्या वेळात भैय्याजींना फाडत.

"मारली असती तं मोडली असती."

"आमचा गुणवंता बरा झाला तं नागपूर खाऊन टाकन. लेहून ठेवा."

"तुमचा कधीपासून झाला बाप्पा तो?"

यातली गोम सांगतो. भैय्याजींचा पुतण्या विजय याच संघात होता आणि गुणवंता बसला की विजय खेळे. नत्थूजींनी बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक उतारूला सांगून ठेवलं होतं की हा पोरगा माझ्या सांगण्यावरून खेळतो. म्हणजे एकाला त्याचं हाड कच्चं असण्याची गरज होती आणि दुसऱ्याला पक्कं असण्याची. मास्तरांचं म्हणणं तिसरंच होतं. चूक उतरण्यात आहे, टाचेवर नको, चवड्यावर उतर, पुन्हा उडी मार. आणि ते गुणवंताला पुन्हा पुन्हा माझ्याखाली उडी मारायला लावत.

मी खाली पाहत होतो. मूळ दिसत होतं. सांगणार कसं?

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मास्तर पोरांना घेऊन नागपूरला सामने खेळून आले. आल्यावर पारापाशी उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते अड्ड्यापर्यंत गेलं. नागपूरच्या मोठ्या क्रीडा मंडळांमध्ये चांगल्या पोरांची पळवापळवी फार होई, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की मागल्या वर्षी जो तळाला राहिला त्यानं पहिलं नाव मागायचं, मग पुढच्यानं.

"म्हंजे आपल्या पोट्ट्याइनं गडी मागाव तसंच," नत्थूजी म्हणाले.

"तसंच. आणि साऱ्या प्रांतातून पहिलं नाव मागितलं ते आपल्या गुणवंताचं. मंडळात जागा मिळाली की गिरणीत नोकरीही आहे."

भैय्याजी उठून दुकानात गेले. गिऱ्हाईक मात्र नव्हतं.

गुणवंता नागपूरला गेला तो आधीचा दुखरा घोटा घेऊनच. तिथं दुसऱ्याच सामन्यात पाय लचकला. पट्टी बांधून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं परत आला. मंडळानं म्हटलं, बरा होऊन ये, मग नाव कायम करू. बरा होण्यासाठी त्यानं सराव सुरू केला, तो माझ्याखाली. पोळ्याच्या आधी पुन्हा पडला.

आता पारावर कापसाचा भाव मागे पडला आणि गुणवंताचा घोटा पुढे आला.

"पहिलं नाव घेतलं म्हंजे काय झालं?" भैय्याजी म्हणत. "बाजारात सगळ्यात देखणा गोऱ्हा सगळ्यात आधी इकते. वखराले जुंपल्यावर समजते."

"तुमचा विजय आजवर पडला नाही, मान्य हाय," नत्थूजी म्हणत. "पण त्याले उडताना कोणी पाह्यलं का?"

"पडत नाही हे काही कमी हाय का?"

"खाट बी पडत नाही, भैय्याजी. खाटीले घ्या मंग संघात."

कोणी म्हणे जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणा, कोणी म्हणे संत्री खाणं बंद करा. गुणवंता कधी पाराच्या आडून जात असे, कधी न ऐकल्यासारखं करून समोरून जात असे. माणूस आपल्याबद्दलचं बोलणं किती दिवस ऐकू शकतो? पावसाळ्याच्या शेवटी तो मैदानात एकटाच बसला होता, आपला घोटा दोन्ही हातांत धरून. मास्तरांना म्हणाला, "गुरुजी, खरंच हाडच कच्चं असन माह्यं. इतके लोक म्हनून राहिले तं." मास्तर पट्टी गुंडाळत बसले. त्या दिवशी मला पट्टा सगळ्यात घट्ट वाटला.

भागीरतानं कोणाशी वाद घातला नाही. तिचा विचार सरळ होता. पोरगा मायच्या झाडाखाली पडतो, म्हणजे माय रुसली. घोटा दुसऱ्यांदा मुरगळला तेव्हाच तिनं नवस बोलला आणि रोज सकाळी विहिरीवरून भरलेली घागर आणून शेंदराच्या दगडावर ओतू लागली. मैदानाचा उतार दगडाकडून माझ्याकडे. पाणी दगडावरून निघे आणि थेट माझ्याखाली येई, थोडा मुरुम उचले आणि पुढे जाई. करंगळीभर असलेलं मूळ अंगठ्याएवढं झालं, मग मनगटाएवढं. त्याच्या दोन्ही बाजूंना घळी पडल्या. पण खेळताना सगळ्यांच्या नजरा वर माझ्याकडे असत, आणि पडल्यावर घोट्याकडे.

बगीच्यात हीच बाई संत्र्याच्या बुंध्याला थेंब लागू देत नसे. खोडाभोवती मातीचा वरंबा घालायचा आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडायचं, नाहीतर खोड डिंक गाळतं, हे ती दुसऱ्यांना शिकवत असे. पण मायला पाणी घालताना आळं करायचं असतं हे कोणाच्या मनात येतं? पोळ्याआधी पोरगा पडला तेव्हा तिला वाटलं, एक घागर पुरत नसेल. ती सकाळ-संध्याकाळ घागर आणू लागली.

मी वरून पाहत होतो. एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं मास्तर, मध्ये पोरगा, आणि तिघंही जीव तोडून त्याचं भलं करत होते.

त्यातच राज्यांची नवी वाटणी ठरली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून नागपूर मुंबईकडे जाणार आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार. बोलणं तेच, बस तीच, छोटी गाडीही तीच, फक्त मधून एक रेघ. मंडळाचा निरोप आला की ज्याचं नाव तारखेच्या आत संघात लागेल तो आमचा, त्यानंतर पलीकडचा पोरगा घेता येणार नाही.

दसरा झाल्यावर मंडळाचे वसंतराव नावाचे गृहस्थ स्वतः गाडीनं आले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. संध्याकाळची वेळ होती. पारावर भैय्याजी, नत्थूजी आणि बरेच जण आधीच बसून होते. वरात यायच्या आधी जागा धरावी, तसे.

"पाय कसा आहे?" वसंतरावांनी विचारलं.

"बरा हाय," गुणवंता म्हणाला.

"मग एक उडी दाखव. एकच बघतो."

गुणवंतानं चेंडू घेतला. त्याच वेळी भागीरता संध्याकाळची घागर घेऊन विहिरीकडून येत होती. पोराला पाहून ती मैदानाच्या कडेलाच थांबली. तो धावत आला आणि वर आला. मित्रांनो, इतका उंच तो आधी कधी आला नव्हता. त्याचं मनगट माझ्यावर टेकलं, चेंडू माझ्यातून गेला, त्याचा श्वास मला लागला. माझं चाललं असतं तर मी त्याला तसाच धरून ठेवला असता. मी कडं होतो. धरून ठेवणं माझ्या घडणीतच नव्हतं.

तो मुळावर उतरला.

"पाह्यलं?" भैय्याजी म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

भागीरता घागर डोक्यावर तशीच घेऊन आली. पोराकडे नाही, आधी जमिनीकडे पाहिलं. तिनं घागर उतरवली, खाली बसली, मुळावरून हात फिरवला, घळीत बोटं घातली. मग मान वळवून दगडाकडे पाहिलं आणि दगडापासून मुळापर्यंत पाण्याची वाट बोटानं ओढत आली.

"हे तं मी उकरलं," ती म्हणाली.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"माह्या पाण्यानं उकरलं, मास्तर. मी इकडून घालत राह्यली अन् हा तिकडून पडत राह्यला." मग ती पोराकडे वळली. "बाबू, तुह्या पायात काहीच खोट नाही. आयक. तुहं हाड चांगलं हाय."

गुणवंता घोटा धरून पडला होता. दुखत होतं, डोळ्यांत पाणी होतं, पण तो आईच्या बोटाकडे पाहत होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या पायाला दोष न देता जमिनीबद्दल बोलत होतं.

वसंतरावांनी छत्री काखेत घेतली. "बाई, तुमचं खरं असेल. पण नागपुरात तर हे मूळ नव्हतं ना? तिथंही पडलाच तो."

"इथं मोडलेला पाय घेऊनच तिथं आलता, साहेब. थोडे दिवस द्या त्याले."

"दिवस तर सरकारनं ठेवले नाहीत. पहिली तारीख तोंडावर आली." त्यांना वाईट वाटलं असावं, कारण स्टेशनाकडे निघताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. पण गाडी चुकू दिली नाही. गावात दिवाळीचे दिवे लागले तेव्हा नागपूर परराज्यात गेलं होतं आणि साऱ्या प्रांतातलं पहिलं नाव खाटेवर पाय उशीवर ठेवून पडलं होतं.

भागीरतानं दुसऱ्याच दिवशी घमेल्यानं मुरुम आणून घळी बुजवल्या. नवस अर्धा सोडणार कसा? म्हणून तिनं मायच्या दगडाभोवती गोल वरंबा घातला, अगदी बगीच्यातल्यासारखा, आणि घागर त्यात ओतू लागली. पाणी तिथंच मुरू लागलं.

"माय कोपन का नाही?" भैय्याजींनी विचारलं.

"कायले कोपन?" भागीरता म्हणाली. "तिले पाणी पायजे. माह्या पोराचा घोटा तिनं कधी मांगितला?"

मूळ मात्र होतं तिथंच होतं आणि मायच्या झाडाचं मूळ तोडायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा मास्तर म्हणाले, कडंच हलवू. भिवाजी शिडी लावून वर आला. मला किती आनंद झाला, काय सांगू. आठ-नऊ वर्षांनी मी या जागेवरून सुटणार होतो. त्यानं बोल्ट शोधला. बोल्ट नव्हता. जिथं बोल्ट होता तिथं साल होती.

"मास्तर, झाडानं पट्टा खाल्ला," तो वरून म्हणाला. "आता कडं काढाचं तं झाड फोडा लागन."

भिवाजी उतरला. जाताना त्यानं माझ्या पाठीवर हात फिरवला, बस तेवढंच.

मग मैदानाच्या मध्यावर, उघड्या सपाट जागी, सागाचा खांब रोवला आणि नवं कडं लागलं. त्याच्याखालची जमीन भागीरतानं स्वतः चोपली. गुणवंता बरा झाल्यावर तिथं खेळू लागला. माझ्याकडे पाठ असायची त्याची. पांढुर्ण्याचा संघ आला तेव्हा तो पूर्ण सामना खेळला, लंगडला नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही, पावसाळ्यातही नाही. विजय पुन्हा बाकावर बसला.

पाराची अडचण झाली. पाय बरा झाला की वाद संपायला हवा, पण सवय कुठे जाते?

"नवस पावला," भैय्याजी म्हणाले. "मी तं पहिल्यापासून म्हनत होतो."

"तुम्ही हाड म्हनत होते."

"हाडालेच पावला ना मंग."

जबलपूरला नव्या राज्याचा संघ निवडायला बोलावलं तेव्हा गुणवंताच्या आधी त्याच्या घोट्याची कीर्ती तिथं पोचली होती. सगळी नावं झाली आणि सगळ्यात शेवटी, कोणीतरी हवंच म्हणून, त्याचं नाव घेतलं. ज्याला नागपूरनं सगळ्यात आधी मागितलं होतं, त्याला जबलपूरनं शेवटी घेतलं. नागपूरसाठी तो पुरता एक महिनाही खेळला नाही. जबलपूरसाठी इतकी वर्षं खेळला की पुढे त्याला आधी मागू लागले, आणि तिथंच त्याला नोकरीही लागली. पारावर अजून निकाल लागलेला नाही. नागपूरला गेला असता तर कुठल्या कुठे पोचला असता, असं आता भैय्याजी म्हणतात, आणि नत्थूजी त्यांना पऱ्हाटीची आठवण करून देतात.

माझी फळी कधीच कुजून पडली. साल पुढे पुढे आली. आधी पट्टा गेला, मग मागची कड गेली, आता चेंडू माझ्यातून जाऊ शकत नाही. झाडावर माझा राग नाही. त्यानं मला मागितलं नव्हतं. आवळलं आम्ही, वाढलं ते.

मागल्या उन्हाळ्यात गुणवंता सुटीवर आला होता. कानावरचे केस पांढरे व्हायला लागलेत. आईबरोबर मायच्या पाया पडला, मग माझ्याकडे पाहून हसला आणि चपला काढू लागला.

"काय करून राहिला?" भागीरतानं विचारलं. ती आता वाकून चालते.

"एक उडी मारतो म्हटलं. जुनी ओळख हाय."

"थांब."

ती अनवाणी माझ्याखाली आली. टाचेनं दाबत दाबत सगळी जागा चालली. मुळावर मुरुम किती आहे ते पाहिलं, एक खडा उचलून बाजूला टाकला, पुन्हा एकदा चालली. पोरगा चपला हातात धरून उभा होता. मग ती बाजूला झाली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मार आता."

तो वर आला. आधीइतका उंच नाही. बोटांची टोकं तेवढी माझ्या उरलेल्या कडेला लागली. मग तो खाली गेला, दोन्ही पायांवर नीट उतरला, आणि आईनं त्याच्याकडे न पाहता विहिरीकडची वाट धरली.

मित्रांनो, माझ्यात आता चेंडू मावत नाही, तेव्हा दप्तरं खुशाल अडकवा. आणखी काही वर्षांनी तीही अडकवता येणार नाहीत. तोवर एवढं कराल का? तुमच्यातलं कोणी उंच उडी मारून पडलं, तर त्याच्या हाडाबद्दल बोलायच्या आधी चपला काढा आणि ते जिथं उतरलं, तिथं एकदा अनवाणी चालून पाहा.